बाहुलीला डोळा नको, मडकं द्या

बाहुलीला डोळा नको. हे पहिल्यांदाच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून कुरकुर नको. भांडण व्हायचंच असेल तर आत्ता होऊ द्या, कागदावर.

आपल्या कलापथकानं १४ एप्रिलच्या पथनाट्यासाठी मोठी बाहुली करायचं ठरवलं. विषय सेन्सॉरशिप आणि पाळत. ठराव चांगला. पण त्या बाहुलीचं जे चित्र हातोहात फिरतंय ते बघून माझं डोकं फिरलं. दोन पुरुष उंच धूड. कपाळाच्या मधोमध एकच बटबटीत डोळा. डोक्यावर पोलिसाची टोपी, हातात कात्री, छातीवर कॅमेरा. दिसायला झकास. वस्तीत उभी केली तर बारकी पोरं आयांच्या मागं लपतील. पण आपण सांगितलं काय? काहीच नाही. उलट दुश्मनाची जाहिरात फुकटात केली.

आधी डोळ्याचं बोलतो. हा डोळा आपला नाही. तो जॉर्ज ऑर्वेलच्या १९४९ सालच्या ‘१९८४’ कादंबरीतून इकडं आला आणि पांढरपेशांच्या पोस्टरवर जाऊन बसला. ऑर्वेलशी माझं भांडण नाही. गड्यानं आपल्या मुलखातलं लिहिलं. पण ती कादंबरी वाचली असेल तर आठवा: तिथं पाळत असते पक्षाच्या माणसांवर. खालच्या कष्टकऱ्यांना तिथली सत्ता मोजतच नाही, ते काय बोलतात याची तिला फिकीर नाही. आपल्याकडं उलटं आहे. इथं पाळत खालपासूनच सुरू होते. कुणी नवा शर्ट घातला, कुणाची वरात घोड्यावरून निघाली, कुणाच्या पोरीनं सायकल घेतली, कुणाच्या दारावर निळा झेंडा लागला, याची नोंद गावात आधी होते. सरकारदरबारी मागनं.

२०१५ च्या मे महिन्यात शिर्डीत एका दलित तरुणाचा जीव घेतला. कशावरून? मोबाईलच्या रिंगटोनवरून. रिंगटोन बाबासाहेबांच्या गाण्याची होती. आता मला सांगा, त्या गाण्यावर कुठल्या मंडळानं हरकत घेतली होती? कुठल्या साहेबानं शिक्का मारला होता? कुठल्या कॅमेऱ्यानं ते पकडलं होतं? गाणं ऐकणारा कान शेजारच्या टेबलावरचा होता. हरकत घेणारं तोंड तिथलंच होतं आणि शिक्षा देणारा हातही तिथलाच. सेन्सॉर, पोलीस, न्यायाधीश सगळे एकाच जागी. याला एक डोळा काढून तुम्ही काय दाखवणार?

आणि आणखी एक. मोठा डोळा लोकांना सांगतो की आम्हाला सगळं दिसतं. हेच तर त्यांना सांगायचंय. चौकाचौकात पाट्या लावून तेच सांगतात की आपण कॅमेऱ्याच्या नजरेत आहात. वस्ती आधीच घाबरलेली आहे. तिला परत घाबरवायला आपल्या कलापथकाची काय गरज?

आता टोपी आणि कात्री. टोपी बघितली की लोक म्हणतात, हे सरकारचं काम. आणि सरकार म्हटलं की जात सुटली. हाच कावा आहे. जरा इतिहास वाचा, पण आपल्या बाजूनं वाचा.

इंग्रजानं १८७६ साली नाट्यप्रयोगांवरचा कायदा केला. त्याच्या आधी बंगालात निळीच्या मळेवाल्यांचा जुलूम दाखवणारं ‘नीलदर्पण’ १८६० साली येऊन गेलं होतं आणि साहेबाला नाटकाची धास्ती बसली होती. आपल्याकडं १९१० साली खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’वर बंदी आली, कारण कीचकात प्रेक्षकांना लॉर्ड कर्झन दिसला. हे सगळं पुस्तकांत आहे. मराठी रंगभूमीचा तेजस्वी लढा म्हणून प्राध्यापक मंडळी गहिवरून शिकवतात. शिकवू द्या.

पण आता हे वाचा. जोतीराव फुल्यांनी १८५५ साली ‘तृतीय रत्न’ नाटक लिहिलं. अडाणी शेतकरी बाईला जोशी कसा नाडतो, ते त्यात आहे. दक्षिणा प्राइज कमिटीकडं दिलं. तिथल्या भट सभासदांच्या आग्रहापुढं युरोपियन सभासदांचं काही चाललं नाही आणि नाटक नाकारलं गेलं. हे मी म्हणत नाही, जोतीरावांनीच १८७३ च्या ‘गुलामगिरी’त लिहून ठेवलंय. ते नाटक छापून लोकांच्या हाती पडलं १९७९ साली. मोजा: १२४ वर्षं. आणि अजून मोजा: १८५५ ते १८७६. कायदा यायच्या आधी २१ वर्षं कात्री चालली होती. टोपी नव्हती, कलम नव्हतं, ठाणं नव्हतं. चारचौघं सुशिक्षित माणसं कमिटीत बसली आणि एक नाटक शंभरावर वर्षं गाडलं. ‘कीचकवधा’वरच्या बंदीला बंदी म्हणतात. ‘तृतीय रत्ना’च्या बंदीला काय म्हणतात? काहीच म्हणत नाहीत. तिला नावच नाही. खरी कात्री ती, जिला नाव नसतं.

कायदे आले, गेले. १८७६ चा तो कायदा २०१८ साली रद्द झाला. पण महाराष्ट्रात १९५१ च्या पोलीस कायद्याखाली नियम झाले, रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ बसलं. संहिता आधी मंडळापुढं ठेवायची, त्यांनी वाचायची, मग प्रमाणपत्र. १९७२ साली ‘सखाराम बाइंडर’ला कापायला निघाले तेव्हा कमलाकर सारंग हायकोर्टात गेले, जिंकले. २०१६ साली अमोल पालेकर या पूर्वपरीक्षणाविरुद्ध हायकोर्टात गेले. चांगलं केलं, त्यांना सलाम. पण कोर्टात जायला वकील लागतो, वकिलाला पैसा लागतो, बातमीला पेपरात ओळखीचा माणूस लागतो. आपला जलसा अडला तर हवालदार माईकची वायर काढतो आणि संपलं. त्याचा कुठं खटला नाही, कुठं निकाल नाही.

मंडळ कुठलंही घ्या, त्याला नेमकं काय खुपतं ते बघा. २०२५ साली ‘फुले’ चित्रपट ११ एप्रिलला, जोतीरावांच्या जयंतीला यायचा होता. ब्राह्मण संघटनांनी आरडाओरड केली. सेन्सॉरनं ‘महार’, ‘मांग’, ‘पेशवाई’ हे शब्द काढायला लावले. तीन हजार वर्षांच्या गुलामीचं वाक्य होतं, त्याचे आकडे जाऊन नुसतं ‘कित्येक वर्षं’ झालं. चित्रपट आला २५ एप्रिलला. म्हणजे जात चालते, जातीचं नाव चालत नाही. गुलामी चालते, तिचा हिशोब चालत नाही. त्याच साली ‘चल हल्ला बोल’च्या निर्मात्यांनी जाहीर सांगितलं की सेन्सॉरच्या कचेरीतून त्यांना विचारणा झाली: कोण नामदेव ढसाळ? ज्याला १९९९ साली याच देशाच्या सरकारनं पद्मश्री दिली, तो कोण! पुसायचं ठरवलं की ओळख दाखवायची नाही, ही जुनी रीत.

म्हणून म्हणतो, टोपी काढा. ‘घाशीराम कोतवाल’ आठवा. १९७२ चं नाटक. कोतवाल रात्रीचं पुणं हिंडतो, कोण कुणाच्या घरी झोपतो ते विचारतो, परवाना मागतो. पण कोतवाल ही बाहुली आहे. दोरी नानाच्या हातात. काम झालं की नाना त्याला लोकांच्या दगडांपुढं टाकतो आणि स्वतः परत नाचायला मोकळा. कोतवाल मरतो, नाना उरतो. आपण टोपीवाली बाहुली जाळली तर प्रेक्षक टाळ्या वाजवतील आणि मागं बसलेला नानाही टाळ्या वाजवील. सगळ्यात जोरात तोच वाजवील.

मग बाहुली कशी करायची? नुसतं नाही म्हणणारा मी नव्हे. माझ्या डोक्यातली बाहुली सांगतो.

तिला डोकं म्हणून मडकं लावा. खरं, भाजलेलं, कुंभाराकडचं. कागदाच्या लगद्याचं नको.

पेशवाईत पुण्यात अस्पृश्याच्या गळ्यात मडकं आणि कमरेला झाडू. थुंकी जमिनीवर पडू नये म्हणून मडकं, पावलांचे ठसे राहू नयेत म्हणून झाडू. बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘जातिप्रथेचे विध्वंसन’मध्ये हे मांडलंय. आपण ते भाषणात शंभरदा सांगतो आणि पुढं जातो. जरा थांबून विचार करा की ही दोन साधनं कशाची आहेत. मडकं म्हणजे तोंडातून जे निघेल ते बाहेर पडू न देणं. झाडू म्हणजे तू इथून गेलास याचा पुरावा न ठेवणं. यालाच आज सेन्सॉरशिप म्हणतात. परदेशातनं डोळा कशाला आणता? या देशातलं सेन्सॉरचं पहिलं यंत्र आपल्या आज्याच्या आज्याच्या गळ्यात होतं.

गिरणीतही तेच. मुंबईच्या गिरण्यांत आपल्या माणसांना विणकाम खात्यात घेत नसत. कारण काय? धोट्यातलं सूत तोंडानं ओढून घ्यावं लागे. महाराची थुंकी लागलेलं सूत सवर्ण साचेवाल्याच्या तोंडाला कसं लागायचं? पगार विणकामात जास्त, म्हणून थुंकीचा कायदाही तिथंच कडक. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हाच प्रश्न समोर ठेवला. मी आज सूतगिरणीत रिंगफ्रेमवर उभा राहून तुटलेला धागा सांधतो. बोटांनीच सांधतो, तोंड लागत नाही. पण या धंद्यात आमच्या तोंडावर पहारा होता हे सुताला हात लावला की ध्यानात येतं.

तर मडकं. ते शिंक्यात बसवायचं आणि शिंकं आडव्या बांबूला टांगायचं. बांबू दोघांनी खांद्यावर घ्यायचा. शिंक्यातल्या मडक्याचं तोंड कायम वर. हे महत्त्वाचं आहे. आपली बाहुली खाली लोकांकडं बघतच नाही. तिचं तोंड वर, धन्याकडं. आ वासून. नाटकात कुणी गाणं म्हटलं की गाण्याचा कागद तिच्या तोंडात जातो. ती ओरडत नाही, धमकावत नाही. गिळते. एक शब्द बोलत नाही.

मडक्याखाली पांढरा, कडक इस्त्रीचा शर्ट. बाह्यांत आमच्या गिरणीतलं वेस्ट भरा, मी आणतो. उजव्या हाताला रबरी शिक्का. डावा हात रिकामा, तळवा वर. कमरेला खराटा, जमिनीवर लोळणारा. नाटकात पोरी खडूनं जमिनीवर नावं लिहीत जातील: जोतीराव, मुक्ता साळवे, भीमराव कर्डक, अण्णाभाऊ, ढसाळ. बाहुली त्यावरनं नुसती चालत जाईल. खराटा आपोआप पुसत जाईल. तिला राग आलाय असं दाखवू नका. ती नोकरीवर आहे.

आता दोऱ्या. ज्यांना दोरीचं काम शिकायचंय त्यांनी शहरातल्या शिबिरात पैसे भरू नयेत. कुडाळजवळ पिंगुळीला जावं. तिथल्या ठाकर आदिवासींनी कळसूत्री बाहुल्या आणि चित्रकथी पिढ्यान् पिढ्या दारोदार हिंडून जगवल्या. त्यांच्यातल्या परशुराम गंगावण्यांना पद्मश्री मिळायला २०२१ साल उजाडलं. सांगलीच्या राजाच्या पदरी १८४३ साली ‘सीता स्वयंवर’ करणारे विष्णुदास भावेही लाकडी बाहुल्या करायचे. ते रंगभूमीचे जनक. आणि ठाकर? लोककला. हा फरक कोण करतं तेही ध्यानात ठेवा.

पण कळसूत्रीवाला दोरी लपवतो. आपण लपवायची नाही. वीस नंबरचं पांढरं सूत, दिसेल असं, आणि दोरी धरणारा माणूसही उजेडात.

चार दोऱ्या. पहिली मानेची. ती पांढऱ्या धोतरवाल्याच्या हातात, सगळ्यात जाड, वळून वळून दोरखंड केलेली. दुसरी पाठीची, खाकीच्या हातात, तीही जाड. तिसरी डाव्या हाताची, ती पहिल्या रांगेतल्या प्रेक्षकाच्या हातात द्यायची, न विचारता. आणि चौथी, शिक्क्याच्या हाताची, एकेरी सुताची. ती कुणाच्या हातात? निळं उपरणं घेतलेल्या आपल्या माणसाच्या.

आता इथं ओरडा होणार, ठाऊक आहे. समाजाची बदनामी, दुश्मनाच्या हातात कोलीत. ऐकून घ्या.

महाराला गावात वेसकर कुणी केलं? वेशीवर राखण, चोराचा माग, गावात आलागेला कोण याची वर्दी, चावडीवर बोलावणं, सरकारी कामाला रात्री-अपरात्री धावणं. हातात काठी आणि बदल्यात भाकरीचा तुकडा आणि वतन. म्हणजे ज्याच्या तोंडाला मडकं, त्याच्याच हातात पाळतीची काठी. व्यवस्थेची हुशारी ही. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कौन्सिलात महार वतनाचं बिल आणलं ते यासाठीच. तुकड्यासाठी दुसऱ्याची राखण करणारा माणूस कधी उभा राहत नाही. स्वतःची माणसं नाराज होतील म्हणून ते थांबले नाहीत. कायद्यानं ती वतनं जायला १९५८ उजाडलं. कागदावरची गेली.

आणि कागदाबाहेरची? मागच्या पावसाळ्यात मी बारा तासांच्या पाळीवर कविता लिहून आपल्या एका ग्रुपवर टाकली. ग्रुपवर झाडून सगळे जयभीमवाले. तिसऱ्या दिवशी हापिसात बोलावणं. साहेबाच्या मोबाईलवर माझी कविता, माझ्या नावासकट. साहेब हसून म्हणाला, पावसावर लिहा की, कवी. त्यानंतर महिनाभर सलग रात्रपाळी. गिरणीचं नाव लिहीत नाही, कारण ती सगळ्या गिरण्यांची गोष्ट आहे. माझी कविता कुठल्या कॅमेऱ्यानं पकडली नाही. आपल्यातल्याच कुणीतरी बोट दाबलं. त्याला काय मिळालं? कदाचित दिवसपाळी. हे आजचं वतन. कुणाला समितीवर खुर्ची, कुणाला पुरस्कार, कुणाला ठेका, कुणाला दिवसपाळी.

म्हणून चौथी दोरी. पण ध्यानात घ्या, मी ती एकेरी सुताची ठेवलीय. चारी दोऱ्या सारख्या जाडीच्या केल्या तर ती बेइमानी होईल. ज्यानं मडकं घडवलं आणि ज्यानं भीतीनं शिक्का उचलून दिला ते दोघं सारखे नाहीत. वरचे दोरखंड केवढे आहेत ते आपण बघितलंय. ३१ डिसेंबर २०१७ ला शनिवारवाड्यावर एल्गार परिषद झाली. त्या प्रकरणात २०२० च्या सप्टेंबरात कबीर कला मंचाचे तीन कलावंत उचलले. गाणारी माणसं. त्याच वर्षी १४ एप्रिलला, नेमक्या जयंतीच्या दिवशी, आनंद तेलतुंबड्यांना एनआयएपुढं हजर व्हावं लागलं. जामिनावर बाहेर आले २०२२ च्या नोव्हेंबरात. २०२५ च्या जुलैत विधिमंडळानं जनसुरक्षेचं विधेयक मंजूर केलं. जनता कोण आणि धोका कोण, हे ठरवणारं मडकं आणखी रुंद झालं. हे दोरखंड आपल्या दातांनी आज तुटणार नाहीत. खोटं कशाला बोला? पण एकेरी सूत आपल्या बोटांत आहे. रोज रिंगफ्रेमवर बघतो, एकेरी धागा तोडायला ताकद लागत नाही. सोडायचं ठरवावं लागतं.

काही दोस्तांचं म्हणणं, मैदानाची परवानगी मिळायची असेल तर रिंगटोनचा प्रवेश काढू या. गावाचं नाव नको, जात नको, ‘एक तरुण’ म्हणू या. भावांनो, ‘फुले’ चित्रपटाचं जे झालं ते आपण आपल्या हातानं, कुणी सांगायच्या आधी करायला निघालोय. मंडळाला तसदी नाही, हवालदाराला तसदी नाही. आपणच मडकं गळ्यात बांधून दारात उभे: साहेब, बघा, एक थेंब सांडला नाही! तो प्रवेश गेला तर मी बाहुलीचं सूत आणणार नाही. प्रवेश शिर्डीच्या नावानिशी राहील, सालानिशी राहील. मैदान नाही मिळालं तर वस्तीतली गल्ली आहे. कर्डकांच्या जलशाला तरी कुठं नाट्यगृह होतं?

दुसरे म्हणतात, मडकं-झाडू जुनं झालं, किती दिवस रडगाणं? हे रडगाणं नाही. नीट बघा, मडकं आपल्या गळ्यात नाहीच. ते आता त्यांच्या धडावर आहे. जे आपल्याला बांधलं ते त्यांचं तोंड म्हणून आपण जगाला दाखवतोय.

शेवटी शेवटाचं. सगळ्यांना मडकं फोडायचंय. फोडू नका. फोडलं की दहीहंडी झाली. लोक हसतील, खापरं गोळा करतील, घरी जातील. आणि तेही खोटंच. अजून काही फुटलेलं नाही.

शेवट असा करा. निळ्या उपरण्यावाला दोन्ही हातांनी सूत ताणतो आणि तोडतो. शिक्क्याचा हात खाली पडतो. एवढंच. मान तशीच टांगलेली, पाठ तशीच ताणलेली, प्रेक्षकाच्या हातातली दोरी अजून त्याच्याच हातात. त्यानं काय करायचं ते त्याला ठरवू द्या, सांगू नका. मग हलगीवाली पोरगी पुढं येते. हलगी खाली ठेवते. लटकलेल्या त्या मडक्यावर बोटांनी ठेका धरते. पोकळ मडकं चांगलं वाजतं, कुठल्याही आयाबायांना विचारा. आणि त्या ठेक्यावर आपण तेच गाणं म्हणायचं, ज्याचा कागद त्यानं गिळला होता. कागद गेला तरी गाणं तोंडपाठ आहे.

रविवारी पहिली पाळी सुटल्यावर विहारामागं जमा. सूत आणि वेस्ट माझ्याकडं लागलं. बांबू, खराटा, इस्त्रीचा शर्ट तुमच्याकडं. आणि मडकं घेताना वाजवून घ्या. चिरलेलं नको.

जयभीम.